कडू भोपळ्याचं कौतुक

शिव्या देणारा माणूस एक वेळ परवडला. निदान त्याच्या मनात काय आहे ते तरी कळतं. किल्लीवाल्याच्या नशिबी आली ती सगळी गोड माणसं, आणि त्या गोड माणसांनी त्याची बहीण मारलीच होती. हो, मारलीच म्हणायचं. उगाच गुळमुळीत शब्द शोधत बसायला ही काही त्यांची रविवारची सभा नाही.

किल्लीवाल्याचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधे राहिलेली फट. एक माणूस, एक यंत्र आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, एवढंच मावायचं त्यात. दिवसभर पितळ घासून घासून बोटं काळी व्हायची. घरी तो आणि त्याची मोठी बहीण, अशी दोनच माणसं. आई गेल्यावर अक्कानंच त्याला वाढवलं, शिकवलं, धंद्याला लावलं. तिचं स्वतःचं उभं आयुष्य इस्त्रीच्या दुकानात लोकांच्या सदऱ्यांच्या कॉलरी कडक करण्यात गेलं, आणि जीभही तशीच कडक राहिली. चहा पुढे ठेवला की पहिला घोट घेऊन म्हणायची, "पूड घातलीस की नुसती दाखवलीस?" नवीन शर्ट घालून किल्लीवाला समोर उभा राहिला की, "दुकानदारानं फसवलं की तूच हौसेनं फसलास?" तिच्या तोंडून कधी "बरं आहे" निघालं, तर तो दिवस किल्लीवाला विसरायचा नाही. पण एक होतं. अक्का बरं म्हणाली की ते बरं असायचं. त्यात बदल नाही.

अशा घरातला माणूस परसबाग मंडळात गेला आणि पाघळला, यात नवल ते काय?

पाण्याच्या टाकीमागे मोकळी जागा होती, तिथे हौशी मंडळींनी वाफे पाडले होते. पाववाला होता, एक शिंपीणबाई होती, बस चालवणारे एक काका होते, आणि सगळ्यांच्या वर अध्यक्षबाई. निवृत्त शिक्षिका. पांढरे केस, हसरा चेहरा, आवाज असा की ऐकणाऱ्याला आपण परीक्षेत पहिले आलोय असं वाटावं. माणसं चांगलीच होती, खोटं कशाला बोला. कुणी गावाला गेलं तर दुसरा त्याच्या वाफ्याला पाणी घालायचा. फावडं, कुदळ, खत, सगळं सामाईक. पूर्वी म्हणे कुणीतरी शिंपीणबाईच्या वांग्यांना नावं ठेवली होती आणि ती रडत घरी गेली होती. तेव्हापासून अध्यक्षबाईंनी नियमच करून टाकला की इथे कुणी कुणाला नाउमेद करायचं नाही. भाजी कशीही निघो, तोंडातून चांगलंच निघालं पाहिजे.

आणि एक रीत होती. ज्याच्या वाफ्यात पहिलं फळ तयार होईल, त्यानं ते रविवारी मंडळाच्या शेडमध्ये आणायचं. तिथल्या शेगडीवर ते शिजायचं आणि सगळ्यांनी खायचं. पिकवणाऱ्यानं मात्र खायचं नाही. त्यानं टेबलाकडे पाठ करून भिंतीशी उभं राहायचं आणि लोक काय म्हणतात ते ऐकायचं. तोंडासमोर उभा राहिला तर खाणाऱ्यांना संकोच होतो, असं अध्यक्षबाईंचं म्हणणं. पाठमोरा उभा राहून कौतुक ऐकताना माणसाला काय सुख होतं म्हणता! त्या सुखासाठी बसवाले काका दरवर्षी आणखी एक नवी भाजी लावायचे.

किल्लीवाल्यानं भोपळा लावला होता. त्याला स्वतःला भोपळा अजिबात आवडत नाही, ताटात आला तर तो ताट सरकवतो. लावला तो अक्कासाठी. भोपळा म्हणजे अक्काचा जीव की प्राण. बी विकतचं नव्हतं, गेल्या हंगामातल्या स्वतःच्याच भोपळ्याचं काढून, सुकवून, राखेत घालून ठेवलेलं. वेल कुंपणावर चढला आणि भोपळे धरले तेही असे देखणे, पिवळ्या अंगावर हिरव्या रेघा, की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे.

तर त्या रविवारी किल्लीवाला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मागे ताटल्या वाजल्या. चमचे वाजले. मग बराच वेळ कुणी बोललंच नाही. किल्लीवाल्याला वाटलं, तोंडात विरघळला असेल, बोलतील कसे? मग अध्यक्षबाईंचा आवाज आला, "किल्लीवाले, शब्दच नाहीत हो!" मागोमाग बसवाले काका, "काय चव, काय चव!" शिंपीणबाई, "असा भोपळा मी जन्मात खाल्ला नाही." आणि टाळ्या. किल्लीवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं त्याला सगळ्यांनी मिळून, आणि बेटा वरून घरी निघाला तो राहिलेले भोपळे पिशवीत घालून.

घरी येऊन त्यानं अक्काला सगळं सांगितलं, पदरचं घालून सांगितलं. "अख्खं मंडळ टाळ्या वाजवत होतं, अक्का! अध्यक्षबाईंना शब्द सुचेना!"

अक्काला तेव्हा रक्तदाबाच्या नव्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. डॉक्टरांनी संध्याकाळी हलकं खायला सांगितलं होतं, म्हणून तिनं त्या भोपळ्याचं सूप केलं. किल्लीवाला समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. अक्कानं पहिला चमचा घेतला आणि थांबली. त्याच्याकडे बघितलं. मग दुसरा घेतला.

"कसं झालंय?"

"छान," अक्का म्हणाली.

छान! अक्का! त्याच वेळी या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण नाही. तो खुशीत उठला, ब्रेड आणि दूध घेऊन बसला, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटला की माझी बहीण छान म्हणाली. अक्का रोज संध्याकाळी तेच सूप घेत राहिली. कधी त्यात साखर घालताना दिसली, कधी दूध. पोट बिघडलंय म्हणाली, तर त्यानं गोळ्यांना दोष दिला. मग एका संध्याकाळी दुकान बंद करून तो घरी आला तेव्हा अक्का मोरीच्या दाराशी जमिनीवर पडली होती, कपाळाला घाम, हात थंडगार, आणि उलटीत रक्ताचे धागे.

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, रक्तदाब सापडेना म्हणून दोनदा यंत्र बदललं, आणि मग त्याला बाहेर घेऊन विचारलं, "काय काय खात होत्या?"

"हलकंच. भोपळ्याचं सूप."

"कडू होता का भोपळा?"

"छे हो! अख्ख्या मंडळानं खाल्लाय. टाळ्या वाजवल्या लोकांनी."

"घरी जाऊन बघा," त्या म्हणाल्या. "कडू भोपळ्यात विष असतं. शिजवूनही जात नाही ते. आणखी थोडे दिवस खाल्लं असतं तर मला तुम्हाला वेगळीच बातमी द्यावी लागली असती."

घरी पातेल्यात सूप उरलेलं होतं. किल्लीवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा आपणहून भोपळा तोंडात घातला. आणि सिंकवर जाऊन थुंकला, चूळ भरली, पुन्हा थुंकला. जिभेवरून ती चव हलेना. असलं काहीतरी रोज वाटीभर, साखर घालून घालून, गिळत होती ती!

आणि त्या सगळ्यांनी? त्यांनीही हेच खाल्लं होतं ना?

तो तडक पाववाल्याच्या भट्टीवर गेला. पाववाल्याचा वाफा त्याच्या वाफ्याला लागून, दोघांची चांगली मैत्री. पाववाला पिठाचे हात झटकत बाहेर आला, याचा चेहरा बघितला आणि काही विचारायच्या आतच खाली बघायला लागला.

"कडू होता?"

"जरा..."

"जरा?"

"जहर होता," पाववाला म्हणाला. "मी रुमालात थुंकलो. बसवाल्यांनीही. अध्यक्षबाईंनी कुंडीत."

"आणि टाळ्या?"

"त्यांनी खूण केली ना. म्हणाल्या, किती हौसेनं आणलाय, हिरमुसेल बिचारा." पाववाला घुटमळला. "गेल्या हंगामात त्यांनी कुंपणावर ते शोभेचे भोपळे लावले होते, आठवतात? दाराला टांगायचे, खायचे नसतात ते. त्यांचे पराग तुमच्या वेलाच्या फुलांवर बसले असणार, आणि बी तुम्ही घरचं धरलंत. बाईंच्या लगेच लक्षात आलं. मला म्हणाल्यासुद्धा हळूच, कुठे बोलू नका म्हणून."

किल्लीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे कडू आहे हे माहीत. का कडू आहे हेही माहीत. कुणाच्या वेलामुळे कडू आहे हेसुद्धा माहीत! आणि याच्या हातात ती भरलेली पिशवी बघून त्याच बाईंनी हात हलवून निरोप दिला होता. "घरी सगळ्यांना खाऊ घाला हं," असंही म्हणाल्या होत्या. घरी सगळे म्हणजे कोण? एक म्हातारी बहीण!

तो इस्पितळात परत आला तेव्हा अक्का जागी होती. चेहरा एवढासा झालेला. त्यानं खुर्ची ओढली आणि सांगितलं की भोपळा कडूच होता, विषारी होता, आणि मंडळातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

अक्कानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "समजूत घालतोयस माझी."

"अगं नाही!"

"मला पहिल्याच घोटाला कडू लागलं होतं. म्हणणार होते, कडू आहे म्हणून. पण एवढी माणसं छान म्हणतायत, एकजण तरी कडू म्हणालं असतं ना? म्हटलं गोळ्यांनी माझंच तोंड फिरलंय. मग कशाला तुझा विरस करू?" तिनं डोळे मिटले. "म्हातारपण दुसरं काय. जीभ गेली, आता डोकं जाईल."

"पाववाला थुंकला, अक्का! त्यानं कबूल केलंय!"

"बरं बरं," अक्का म्हणाली. "चांगला आहेस तू."

अक्का त्याला चांगला म्हणत होती! दुपारी जेवण आलं तेव्हा तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईला विचारलं, "जरा बघता का हो, हे ठीक आहे ना?" सकाळी गोळी देणाऱ्या नर्सला तिनं पाणी दाखवून विचारलं, पाण्याला वास येतोय की मलाच येतोय? जिनं जन्मभर कुणाला काही विचारलं नाही, सांगितलं फक्त, ती अक्का चमचाभर वरणासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. आणि खरं सांगायला गेलं तर तेही तिला कौतुकच वाटत होतं. या गोड लोकांनी खऱ्याचीसुद्धा माती करून ठेवली होती.

रविवार उजाडला तसा तो शेडमध्ये गेला. टेबलाभोवती सगळे जमलेले, कुणाच्यातरी काकड्या चिरणं चाललेलं. तो भिंतीकडे गेला नाही. टेबलाच्या डोक्याशी उभा राहिला आणि बोलला. आयुष्यात एवढं बोलला नव्हता.

"माझी बहीण इस्पितळात आहे. तुमच्या कौतुकानं. थुंकलात ना सगळे? रुमालात, कुंडीत? थुंकलात तर थुंकलात, माझ्या तोंडावर थुंकायचं होतं! कडू आहे, एवढे दोन शब्द. दोन शब्द बोलायला जीभ झडली होती का तुमची? मी हिरमुसलो असतो, एक दिवस जेवलो नसतो, संपलं असतं. लाज नाही वाटत? टाळ्या कसल्या वाजवता, माणूस मरत होतं तिकडे! आता एवढंच करा. कुणीतरी एकानं या, आणि तिच्या तोंडावर सांगा की भोपळा कडू होता. माझ्यावर विश्वास नाही तिचा. तिला वाटतंय ती वेडी झाली."

शिंपीणबाईनं पदर डोळ्याला लावला. मग अध्यक्षबाई उठल्या, त्यांचेही डोळे भरलेले, आणि म्हणाल्या, "किती मनापासून बोललात हो, किल्लीवाले! बहिणीवर असं प्रेम करणारा भाऊ आजकाल बघायला मिळत नाही."

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या. देवाशपथ वाजवल्या. हा माणूस संतापानं ओरडतोय आणि हे त्याला शाबासकी देतायत! पाववाला तेवढा हात खाली ठेवून बसला होता. किल्लीवाला तडक निघाला. भिंतीवर डोकं आपटण्यात काय अर्थ होता?

पण संध्याकाळी त्या खरोखर आल्या. अध्यक्षबाई पुढे, हातात फुलं, मागे पाववाला. किल्लीवाल्याला वाटलं, आली बाबा शुद्धीवर एकदाची. त्यानं दोघांना अक्काच्या खाटेशी नेलं. अक्का उशीला टेकून बसली आणि नमस्कार-चमत्कार न करता तिनं सरळ विचारलं, "खरं सांगा बाई. भोपळा कडू होता का?"

अध्यक्षबाईंनी तिचा कोरडा, सुया टोचलेला हात हातात घेतला. आजारी म्हातारीला आता या अवस्थेत कुठे दुखवायचं, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर चक्क वाचता येत होता.

"छे हो, अक्का," त्या म्हणाल्या. "छान होता. तुमच्या भावानं फार प्रेमानं पिकवला होता."

अक्कानं किल्लीवाल्याकडे बघितलं. मान हलवली, बघ म्हणून. आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

किल्लीवाल्याला वाटलं बाईंचा गळाच धरावा. तो पुढे सरकलाही असता, पण तेवढ्यात वॉर्डातली मुलगी संध्याकाळचं जेवण घेऊन आली. भाज्यांचं सूप आणि मऊ भात. अक्का वळली, वाटी उचलली, आणि सवयीनं, हो, चार दिवसांत सवयच लागली होती, वाटी अध्यक्षबाईंपुढे धरली. "बघता का जरा? मला काही कळत नाही आता."

बाईंनी ताटातला दुसरा चमचा उचलला आणि सूप चाखलं. किल्लीवाला या वेळी पाठमोरा नव्हता. त्यानं बघितलं, त्यांच्या नाकपुड्या आखडल्या, ओठ आत गेले, गळ्यातून ते कसंबसं खाली उतरलं. आणि मग चेहऱ्यावर हसू आलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "घ्या तुम्ही."

अक्कानं चमचा भरला आणि तोंडाकडे नेला.

"थांब!" किल्लीवाला ओरडला. अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. पण त्याच्याही आधी पाववाल्यानं अक्काच्या हातातली वाटी काढून घेतली होती. त्यानं तिथेच वाटीला तोंड लावलं.

"खारट आहे," पाववाला म्हणाला, घसा खाकरून, जणू बऱ्याच वर्षांनी बोलत होता. "खाऊ नका, अक्का. आणि भोपळा कडू होता. मी थुंकलो होतो. यांनी मला गप्प बसायला सांगितलं आणि मी बसलो."

"अहो, आजारी माणसासमोर..." अध्यक्षबाई कुजबुजल्या.

अक्का पाववाल्याकडे रोखून बघत होती. हा समजूत घालत नव्हता. याच्याकडून हिला काही गोड ऐकायला मिळणार नव्हतं, आणि बहुतेक म्हणूनच ती बघत होती. तिनं हात पुढे केला. "आणा ती वाटी इकडे."

"नको अक्का," किल्लीवाला म्हणाला.

"आण म्हणते ना!"

तिनं चमच्याच्या टोकाला लागेल एवढंच सूप जिभेवर ठेवलं. कुणाकडे बघितलं नाही. डोळे मिटले, जीभ टाळूला लावली, आणि मग ते नीट, सावकाश, बाजूच्या भांड्यात थुंकली.

"खारट कसलं आलंय?" अक्का म्हणाली. आवाज बारीक होता, पण धार होती त्याला. "आंबलंय हे. सकाळचं आहे. पाववाले, तुमच्या जिभेला पीठ चढलंय. पण निदान बोललात तरी. ए पोरी, उचल हे, आणि ज्यानं पाठवलंय त्याला सांग, आधी स्वतः पी."

किल्लीवाल्याला हसावं की रडावं कळेना. त्यानं दोन्ही केलं. अध्यक्षबाई फुलं हातात तशीच धरून उभ्या होत्या.

"अक्का, माझा हेतू..." त्यांनी सुरुवात केली.

"तुमचा हेतू चांगला होता. ठाऊक आहे मला." अक्का उशीवर मागे रेलली. दमली होती, तरी नजर बाईंच्या चेहऱ्यावरून हलवली नाही. "मी रोज संध्याकाळी ते विष गिळत होते बाई, आणि स्वतःला म्हणत होते, तूच बिघडलीस, एवढी मोठी माणसं खोटं बोलतील का? मला मरायची भीती नव्हती वाटत. मला माझ्या तोंडाची लाज वाटत होती. ती लाज तुम्ही दिलीत मला. आता सांगा. कसा होता भोपळा?"

अध्यक्षबाईंनी किल्लीवाल्याकडे बघितलं, पाववाल्याकडे बघितलं. कुणीही खूण केली नाही.

"कडू होता," त्या म्हणाल्या.

"आणि सूप?"

"आंबलेलं."

"बसा," अक्का म्हणाली. "उभ्या का?"